शे आणि होती

माझी मुलगी ______.

देवपूरच्या समुपदेशन केंद्रात मिळालेल्या कागदावरची ही पहिली ओळ. कामिनी मॅडमचं म्हणणं साधं: दुःख दाबायचं नाही, बोलून मोकळं व्हायचं. आणि बोलायचं ते भूतकाळात. 'होती' म्हणता आलं की अर्धं ओझं उतरतं.

कोकिळाला पाच शुक्रवार ते जमलं नव्हतं.

"मनी पोर हुशार शे," ती म्हणायची. तिच्या बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. दिपमालाला जाऊन वर्ष झालेलं. चार दिवसांचा ताप, बस. बारावीच्या पुस्तकांना घातलेली कव्हरं अजून कोरी करकरीत.

"तुनं 'शे' बरं, बाई," गटात शेजारी बसलेल्या बेबाबाई बोलल्या. "मना नवरा शे. हाऊच मना ताण शे!"

बाया खो खो हसल्या. कोकिळाही हसली. मग बाहेरच्या बाकाकडे बघितलं आणि हसू तिथंच वाळलं.

बाकावर तिचा नवरा, झुलाल. सकाळी येतानाच त्यानं सांगून टाकलं होतं: "घरमा तुनं ते 'शे, शे' आते ऐकाई नही ऱ्हायनं. आज बी 'व्हती' नही म्हनशी, ते मी रावेरले निंघी जासू. केळीन्या गाड्या भरसू."

चिडून म्हणाला असता तर बरं होतं. चिडलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. हा शांतपणे म्हणाला.

म्हणून सहाव्या शुक्रवारी कोकिळा उभी राहिली. शाळेत कविता म्हणताना ठेवतात तसे हात सरळ.

"माझी मुलगी हुशार होती."

टाळ्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. फाईलमध्ये एक शब्द: सुधारणा.

आणि कोकिळाला?

काहीच नाही. त्या शुद्ध मराठीत दिपमाला कधी जन्मलीच नव्हती. तिथं तिला कुणी हाक मारली नव्हती, शिव्या घातल्या नव्हत्या, जेवायला बोलावलं नव्हतं. तिथं कुणीही मरू शकतं.

परतताना जळगाव गाडीत झुलालनं शेंगदाणे घेतले. वर्षभरात पहिल्यांदा. पुडी तिच्या हातात दिली.

"मॅडमनी सांगं माले," तो म्हणाला. "आते माले सांग. एकदाव. आपली बोलीमा."

"मनी पोर—"

एक फाटा मागे गेला.

"मनी पोर हुशार—"

'व्ह'साठी दात ओठाला टेकले. टेकूनच राहिले. झुलाल तिच्या तोंडाकडे बघत होता, डॉक्टर बाहेर आल्यावर नातेवाईक बघतात तसा.

"—शे."

त्यानं मान खिडकीकडे वळवली.

गाव आलं. कोकिळा उतरली. मागून कंडक्टरचा आवाज आला, "भाऊ, तुमनं गाव उनं ना?"

"जळगावनं तिकीट फाड. रावेरनी गाडी तठे भेटी."

घंटी दोनदा वाजली. धूळ खाली बसेस्तोवर ती फाट्यावर उभी राहिली. हातात पुडी, पिशवीत कागद. त्यावरची दुसरी ओळ घरून भरून आणायची होती.

आज माझ्यासोबत ______ आहे.