ताठ शीड

पालखी नावेच्या मध्यभागी स्थिरावली, तेव्हा रखमाजीने दोन्ही वल्ही काठावर उतरवून ठेवली. देवी नावेत असता पाण्याला वल्हे लावायचे नाही, वारा नेईल तसे जायचे आणि पालखीपुढे दुसरी नाव काढायची नाही, हा त्या गावचा नेम. भाटघरच्या धरणाने जुने गाव पोटात घेतले, वस्ती अलीकडे आली. देवीचे ठाणे मात्र पलीकडच्या टेकडीवरच राहिले. तेव्हापासून चैत्रातील ही यात्रा पाण्यावरून जाई आणि तिचा मान रखमाजीचा असे. शेत बुडालेल्या त्या माणसापाशी आपले म्हणावे असे एवढेच उरले होते.

त्याने शिडाची खालची दोरी आवळली. शीड मृदंगाच्या पुडीसारखे ताणले गेले. सुरकुती म्हणून दिसेना.

मागून गेनबाची नाव वाजंत्र्यांना घेऊन निघाली. हा तरुण गडी महाडकडच्या खाडीवर राहून आलेला. त्याचे शीड सैल, मधोमध फुगीर. परवा जेवताना रखमाजीची बायको साळूबाई त्याला म्हणाली होती, "गेनूची नाव झुळकीवरबी कशी चालती, न्हाई?"

रखमाजीने हातातला घास ताटात टाकला. "पोटुशी बाईवानी शीड त्याचं! त्याला का शीड म्हनायचं?"

"पोटुशी असंल, पन पोचती की येळंवर," साळूबाई हसली होती. ते हसू त्याच्या काळजात निखाऱ्यासारखे धुमसत राहिले होते.

पाण्याच्या मध्यावर वारा मंदावला. रखमाजीची नाव जागीच डुलू लागली. गेनबा मात्र सावकाश जवळ येत होता. पुढे जाणे होऊ नये म्हणून त्याने दोरी सोडून शिडातला वारा जाऊ दिला.

"आबा, ह्यो मुक्काम हाय का वस्ती?" भिमा सनईवाला ओरडला. वाजंत्री खिदळले.

गेनबाने त्याला दटावले. मग हात जोडून म्हणाला, "आबा, खालची दोरी चार बोटं ढिली करा. ताठ शिडावरनं ही झुळूक निसटून जाती. जरा पोट आलं की धरंल तिला."

"देवीम्होरं ढिलं शीड? तू शिकीव आता मला!"

पण रखमाजीचा हात दोरीकडे गेला होता. गेनबाचे खरे आहे, हे त्याला वर्षभर काठावरून पाहून ठाऊक होते. दोरी सोडली असती तर नाव चालली असती. पण मग ती चाल गेनबाची ठरली असती. हात माघारी आला.

पालखीशेजारी बसलेल्या सोनबा गुरवाने उन्हाकडे पाहिले. "रखमाजी, आईला खोळंबवू नये," तो हळूच म्हणाला.

नावा एकमेकींना भिडवल्या गेल्या. पालखी तिकडे गेली, वाजंत्री इकडे आले. गेनबाने मान वर केली नाही. त्याचे शीड भरले आणि नाव निघाली.

साऱ्यांचे डोळे पालखीकडे लागले होते. रखमाजीने दोरी चार बोटे सोडली. शिडाने अलगद पोट धरले. नाव अशी सरसरली, की तशी ती त्याच्या हाताखाली कधी चाललीच नव्हती.

"आबा, सांबाळा! पालखीच्या म्होरं जाल!" भिमा घाबरून ओरडला.

रखमाजीने दोरी पुन्हा आवळली. एक सुरकुती राहू दिली नाही. ताठ शिडाखाली नाव मंदावली आणि अंतर राखून देवीच्या मागे जात राहिली. तिथेच कुठेतरी खाली त्याच्या शेताचा बांध होता.