मावशीने मारलेली निरगाठ

मित्रांनो, मी एक जुना गोफ आहे. सोन्याचा नाही, उगाच हुरळून जाऊ नका. मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याला गाठी मारमारून केलेला, मनगटात बांधायचा साधा गोफ. माझ्या अंगावर एकशे चार गाठी आहेत आणि स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा आहे. कात्रीच्या शेजारी जन्म झाल्यावर दुसरं काय होणार?

मला मावशीने केलं. ती कपडे शिवायची. घरातल्या माणसांना वाढदिवसाला ती हाताने गुंफलेलंच काहीतरी द्यायची, कारण विकतच्या वस्तूला माणसाचं माप ठाऊक नसतं, असं तिचं म्हणणं. कागदाची पट्टी गुंडाळून ती माप घ्यायची, मापाच्या पाचपट दोरा कापायची, त्याचं टोक परीक्षेच्या पॅडच्या चिमट्यात अडकवायची आणि गाठीमागून गाठ मारत बसायची. काकांच्या चष्म्याची दोरी तिचीच, जावेच्या गळ्यातली माळही तिचीच. या सगळ्यांना शेवटी सरकती गाठ असायची, ओढली की सैल होणारी.

मला मात्र ती मिळाली नाही. मी तिच्या भाच्यासाठी होतो. तो रंगारी. आई गेल्यापासून तो मावशीकडेच वाढला होता आणि वस्तू हरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या आधीचे दोन गोफ त्याने घालवले होते. एक रंगाच्या डब्यात बुडाला, दुसऱ्याचा पत्ताच लागला नाही.

"तुझं डोकं धडाला चिकटलंय म्हणून बरं," मावशी म्हणाली, "नाहीतर तेही कुठेतरी ठेवून आला असतास. हात पुढे कर. तुला निरगाठ."

"मग काढायचा कसा?"

"काढायचाच नाही."

एरवी ती दोन बोटं जातील एवढी ढील ठेवायची. या वेळी तीही ठेवली नाही. मला त्याच्या उजव्या मनगटावर घट्ट बांधलं आणि उरलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून टाकली. त्या ज्योतीपाशी माझी पाचावर धारण बसली होती. पण एकदा बसलो तो बसलो.

सहा वर्षं मी त्याच्या हातावर होतो. भिंती रंगवताना माझ्यावर पिवळे-पांढरे ठिपके उडाले. ज्यांची घरं तो रंगवायचा ते विचारायचे, कुठे घेतला हो? तो मान ताठ करून सांगायचा, मावशीने केलाय. तेव्हा मलाही मूठभर मांस चढायचं. भीती मात्र गेली नाही. शिडीवर चढताना मी जीव मुठीत धरायचो आणि न्हाव्याच्या दुकानात तर डोळेच मिटून घ्यायचो.

दरम्यान मावशीची बोटं आखडली. आधी सांधे सुजले, मग तिला सुई धरवेना, पुढे पुढे स्वतःची बटणंही लावता येईनात. पॅड कपाटावर गेलं. तिच्या हातचा शेवटचा गोफ मीच ठरलो आणि हे भाच्याला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात एका दुकानाचं छत रंगवताना त्याची शिडी घसरली आणि तो नेमका उजव्या हातावर पडला. दुकानदार म्हणाला, दवाखान्यात चल. हा म्हणाला, मुरगळलाय नुसता. घरी येऊन तो बाही बोटांपर्यंत ओढून खुर्चीत बसून राहिला. डॉक्टर आधी मलाच कापतील, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

मित्रांनो, पुढचा तास आठवला तरी माझे दोरे थरथरतात. हात सुजू लागला. मी त्याच्या मांसात रुतत चाललो. रोज माझ्या पोटाला त्याची नाडी टकटक लागायची, ती क्षीण होत गेली. त्याची बोटं गार पडली. मला सैल व्हायचं होतं, पण निरगाठ आपण होऊन सुटते थोडीच? जन्मभर मी कात्रीला घाबरलो. त्या दुपारी मला माझीच भीती वाटली. ज्या हातासाठी मला केलं, त्याचाच गळा मी आवळत होतो.

मावशी चहा घेऊन आली. त्याने डाव्या हाताने कप घेतला.

"उजवा दाखव," ती म्हणाली.

"काही नाही गं."

"दाखव म्हटलं ना."

तिने बाही वर केली. बोटं निळी पडली होती. ती कात्री घेऊन आली, तसा त्याने हात मागे घेतला.

"मावशी, थांब. सूज उतरेल. हा कापलास तर दुसरा कोण करणार?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "बोटं हलव बघू."

त्याला हलवता येईनात. मग त्याने मुकाट्याने हात टेबलावर ठेवला.

तिने कात्रीचं एक पातं माझ्याखाली सरकवलं. पण तिच्या बोटांना कात्री मिटवेना. एकदा दाबली, दोनदा दाबली, तिसऱ्यांदा ती हातातून निसटून पडली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, काप गं, काप मला. शेवटी तिने कात्रीची खालची कडी टेबलावर टेकवली आणि वरच्या कडीवर तळवा ठेवून सगळं अंग टाकलं. मी तुटलो.

"चूक माझीच," ती म्हणाली. "बोटभर जागा ठेवायला हवी होती. चल, रिक्षा बोलावते."

हाड मोडलं होतं. आणखी उशीर झाला असता तर बोटं वाचली असती असं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू एरवी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी वेगळं विनवतो. कुणी कितीही मायेने बांधलेलं असो, ते रुतायला लागलं की लपवू नका, दाखवा. आणि बांधणारे तुम्ही असाल, तर थोडी ढील ठेवा. कात्री लागली तेव्हा दुखलं का, असं विचाराल. दुखलं. खोटं कशाला बोलू? पण टेबलावर पडल्या पडल्या मी त्याची बोटं पाहत होतो. निळ्याची हळूहळू लाल झाली आणि मग करंगळी हलली.