बिबडे आणि दुपारचा वारा

साक्रीजवळच्या त्या गावात उन्हाळा लागला की घरोघरी ज्वारीचे बिबडे, म्हणजे थापून उन्हात वाळवायचे पापड, घालायची लगबग सुरू होते. पुष्पाबाईंच्या बचत गटाने यंदा धुळ्याच्या एका दुकानाला वीस किलो बिबडे द्यायचे कबूल केले होते. मागच्या वर्षी माल परत आला होता, कारण खाताना दाताखाली कचकच लागत होती. गावाच्या पश्चिमेला दगडाची खाण होती आणि तिथलं खडी फोडायचं मशीन दिवसभर धूळ उडवायचं.

"यंदाही परत आले, तर दुकानदार दारात उभं करणार नाही," पुष्पाबाई बायकांना बजावत होत्या.

खाणीचे नवे मॅनेजर तेजस मोठे उत्साही. गाऱ्हाणं कानावर येताच त्यांनी कुणालाही न विचारता हुकूम काढला. बिबडे सकाळी घालतात, म्हणून मशीन सकाळी बंद, दुपारी चालू. तशी पाटीही रंगवून घेतली. संध्याकाळी ते कौतुक ऐकायला आले. पुष्पाबाईंनी त्यांच्या हातावर अर्धवट वाळलेला बिबडा ठेवला.

एक घास चावून तेजस थबकले.

"कसा लागना, साहेब?" गटातली कौतिकअक्का म्हणाली. "तुमना खाननाच मसाला शे."

बायका खुसखुसल्या. पुष्पाबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी या आणि दुपारीही या."

सकाळी पुष्पाबाईंनी तेजससमोर गच्चीवर चिमूटभर कोंडा हातातून सोडला. तो खाणीकडे उडाला. दुपारी सोडला, तेव्हा सगळा खाटांवर वाळणाऱ्या बिबड्यांवर येऊन पडला.

"म्हणजे मी उलटंच केलं," तेजस म्हणाले.

"विचारलं असतं तर पाटीचा रंग वाचला असता."

दुसऱ्या दिवसापासून मशीन सकाळी चालू लागलं आणि दुपारी त्याची साफसफाई होऊ लागली. उन्हात खडी फोडणं टळलं म्हणून कामगारही खूश झाले.

आठ दिवसांनी बायकांनी प्रत्येक खाटेवरचा एकेक तुकडा चावून पाहिला, मगच गोण्या भरल्या. तेजसनी त्या स्वतः धुळ्याच्या एसटीवर चढवून दिल्या.

चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्याला आणखी दहा किलो हवे होते.

"आते साहेबलेबी थापाले बठाडा," कौतिकअक्का म्हणाली. "बसवू की त्यांनाही," पुष्पाबाई हसल्या आणि अक्का पीठ भिजवायला उठली.