बारा पायऱ्या आणि एक सुई

आरोग्य निधीच्या कचेरीत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोन महिन्यांपूर्वी सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेले सहा जण बारा पायऱ्या धडाधड चढून सभेत आले. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"एक सुई! फक्त एक!" सुई बनवणाऱ्या कंपनीचे डॉक्टर गरजले. "सांध्यांतल्या पेशी झोपल्या होत्या, आम्ही त्यांना हाक मारली! चाचणीत चाळीस जणांना टोचली, तीस उठले!"

पेशी इतक्या आज्ञाधारक असतात हे यादीवाल्या ताईंना ठाऊक नव्हतं. ताई सुईची प्रतीक्षायादी सांभाळत. ही महागडी सुई निधीतून मंजूर झाली, तर तिच्या खर्चापायी डायलिसिसची चार यंत्रं बंद होणार होती. आणि यादीतलं सतरावं नाव ताईंच्या धाकट्या बहिणीचं होतं. "तू तिथे बसून माझा नंबर लागत नाही?" तिने अंथरुणातून विचारलं होतं. ते ताईंना अजून सलत होतं.

दर दोन महिन्यांनी यादीतल्या प्रत्येकाला फोन करायचा, सुई अजून हवी का विचारायचं, असा नियम. ताईंनी तो सकाळीच उरकला होता. आता त्या उठल्या.

"साहेब, हे दुखणं माणसाला पाडतं, मग आपणहून सोडतं, पुन्हा धरतं. चाचणीत सुई कधी दिली? माणूस पार आडवा झाल्यावर. त्यानंतर तो उठणारच. श्रेय सुईला!"

"पुरावा?" डॉक्टर हसले.

"माझी यादी. दोन महिन्यांपूर्वी तिच्यातले तेवीसही जण आडवे होते. सुई एकालाही नाही. आज सतरा जण चालते आहेत, म्हणजे तुमच्यासारखेच चारांतले जवळपास तीन. एक जण गच्चीवर कपडे वाळत घालत होता. माझ्या बहिणीने जिना चढता चढता फोन घेतला."

"विश्वासाला आकडे कळत नाहीत, ताई!"

"म्हणून तर निधी आकडे बघून द्यायचा."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला आणि सुई नामंजूर केली. यंत्रं राहिली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "माझी सुई तू घालवलीस."

"आज जिना चढलीस ना?"

"चढले."

"कुठल्या सुईने?"

पलीकडून बारीक स्वरात प्रश्न आला, "पुन्हा पडले तर?"

"पडशील बाई. मी येईन उचलायला. आणि खरं औषध निघालं की फोन करीन. पण तुझा नंबर सतरावाच."

तेव्हा मंडळी, औषध घेऊन कोण उठलं ते जरूर बघा. पण ज्याला काहीच दिलं नाही, तो कसा आहे, हेही एकदा विचारा.