माझे फितूर कान

मित्रांनो, मला पाहायचे तर जरा लांबूनच पाहा. जवळून कोणी न्याहाळू लागले की मला अजून लाज वाटते. मी एक जुनी गिटार आहे. मला वीज लागते. मी पूर्ण भरीव नाही आणि पूर्ण पोकळही नाही. माझ्या पोटात मधोमध लाकडाचा एक ठोकळा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खोल्या आहेत. छातीवर दोन वळणदार खाचा आहेत. कधी काळी माझा रंग डाळिंबी होता. जिथे वादकाचा कोपर टेकतो तिथला रंग उडून आता खालचे लाकूड उघडे पडले आहे.

माझ्या तारांखाली दोन पिकअप बसवलेले आहेत. पिकअप म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे असंख्य वेढे. वरच्या तारा थरथरल्या की पिकअपला ते कळते आणि तो वायरीतून स्पीकरला कळवतो. मी त्यांना माझे कान म्हणते. तसे माझे पोटही ऐकते, पण ऐकलेले पोटातच ठेवते. कान मात्र ऐकले की लगेच सांगून मोकळे होतात.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे लाकडाचे पातळ थर गोंद लावून साच्यात दाबत. कान गुंडाळायला एक बाई बसलेली असे. तिच्यासमोर चाक फिरत राही आणि ती दोन बोटांच्या चिमटीत तार धरून खिडकीबाहेर पाहत असे. गुंडाळलेले पिकअप वितळलेल्या मेणात बुडवले की वेढे घट्ट बसतात आणि इकडचे तिकडचे आवाज पकडत नाहीत. माझ्या वेळी त्या कारखान्यात मेण आले नव्हते. माझे वेढे मोकळेच राहिले. म्हणून तारांबरोबर बाकीचेही त्यांना ऐकू येई. बोटांचे घासणे ऐकू येई, अंगठीची टकटक ऐकू येई, आणि तोंड फार जवळ आणले तर माणसाचे बोलणेसुद्धा.

मला दुकानातून घरी आणले ते एका बहीणभावाने. बहीण बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच भावाला वाढवले होते. ती गायची आणि तो वाजवायचा. ती त्याला ‘छोट्या’ म्हणे. पुढे त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी तो छोट्याच राहिला. मीही त्यांना ताई आणि छोट्या म्हणते.

फर्निचरच्या एका दुकानाच्या वर लहानसा हॉल होता. संध्याकाळी लोक तिथे कॉफी पीत गाणी ऐकत बसत. ते माझे चांगले दिवस. छोट्या हळू वाजवायचा, ताईच्या आवाजाला वाट करून द्यायचा. एक म्हातारे गृहस्थ जाताना माझ्या डोक्यावर टिचकी मारून ‘शाबास’ म्हणत. मला म्हणत, छोट्याला नाही. तो खोटाखोटा रुसायचा.

माझ्या कानांची खोड त्याला ठाऊक होती. मध्येच तो वाकून खाचेपाशी तोंड आणी आणि म्हणे, “मागच्या टेबलावरचे, जरा हळू. गिटारला सगळं ऐकू येतं.” स्पीकरमधून ते बोलणे आले की हॉल खदखदून हसे. ताईही हसे. मला तेव्हा आपल्या कानांचा केवढा अभिमान वाटायचा!

मग फर्निचरचे दुकान बंद झाले आणि हॉलही गेला. आम्ही एका मोठ्या हॉलमध्ये वाजवू लागलो. तिथे छत उंच, स्पीकर माणसाएवढे, आणि माझा आवाज पूर्ण चढवल्याशिवाय मागच्या भिंतीपर्यंत पोचत नसे. नवा ड्रमवाला आला. छोट्या त्याच्याजवळ उभा राहू लागला आणि ताई पुढे, एकटी, आमच्याकडे पाठ करून.

ताईचा घसा उतरत चालला होता. वरचे सूर चिरकायचे. छोट्याने काय करावे? त्याने तिला काही सांगितले नाही. त्याने गुपचूप पट्टी खाली आणली. पट्टी म्हणजे गाणे किती उंचीवरून उचलायचे ते. माझ्या मानेवर धातूचे पडदे आहेत. त्यांवरून हात एक पडदा खाली सरकवला की सगळे गाणे खाली येते. तो असे थोडे थोडे करत गेला. ताईला गाणे पुन्हा सोपे वाटू लागले. “बघ छोट्या, आवाज परत येतोय माझा,” असे ती एकदा म्हणाली. तेव्हा त्याने माझ्या तारा पुसायला घेतल्या. त्या काही मळलेल्या नव्हत्या.

आणि मग ती संध्याकाळ आली. मित्रांनो, इथून पुढचे सांगताना माझी मान खाली जाते.

समोरच्या टेबलावरून कोणीतरी एका जुन्या गाण्याची फर्माईश केली. ताई मागे वळून म्हणाली, “छोट्या, हे आज मूळ पट्टीत घे हं. किती दिवसांनी गाते आहे!” त्याने मान हलवली. ती पुन्हा लोकांकडे वळली. छोट्याने हनुवटी माझ्या खांद्यापर्यंत खाली आणली आणि ड्रमवाल्याला पुटपुटत म्हणाला, “मूळ पट्टीत म्हणे! वरचा सूर कधीच गेलाय हिचा. मी पट्टी उतरवत आणलीय म्हणून हिचं गाणं चाललंय. हिला पत्ताच नाही.”

माझा आवाज पूर्ण चढवलेला होता. माझ्या कानांनी एकही शब्द सोडला नाही. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण छोट्याचाच, असा तो आवाज माणसाएवढ्या स्पीकरमधून सगळ्या हॉलभर गेला.

पुढच्या टेबलावरची एक बाई हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. ड्रमवाला आपल्या काठीकडे असा पाहू लागला, जणू ती त्याने आजच पाहिली. छोट्याचे पोट माझ्या पाठीला टेकलेले होते. त्याचा श्वास थांबलेला मला कळला. मला वाटले, मला कोणी पेटीत घालावे आणि वरून झाकण लावावे.

ताई वळली नाही. “सुरू कर,” ती म्हणाली. “तुला बरी वाटेल ती पट्टी घे.”

तिने ते गाणे म्हटले. वरची ओळ आली तेव्हा तिने तोंड मिटून घेतले आणि ती ओळ मला एकटीलाच वाजवू दिली. लोकांनी फार टाळ्या वाजवल्या. दया आली की माणसे अशा टाळ्या वाजवतात. शेवटी ताईने पर्स उचलली, ड्रमवाल्याला “येते हं” म्हणाली आणि निघून गेली. छोट्याला ती काहीच बोलली नाही. पुढच्या खेपेला ती गायला आली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. तो फोन करी तेव्हा ती म्हणे, “घसा बसलाय.” एवढेच.

मी पेटीत, पलंगाखाली पडून राहिले. माझ्या तारांवर गंज चढला. एक दिवस छोट्याने पेटी ओढून काढली आणि मला दुरुस्तीवाल्याकडे नेले.

दुरुस्तीवाला बोलका माणूस होता. वायर दातांनी सोलायचा आणि सोलतानाही बोलायचा.

“काय त्रास आहे?”

“शिट्टी मारते,” छोट्या म्हणाला. “मोठ्या स्पीकरवर. पिकअप बदलायचेत.”

दुरुस्तीवाल्याने मला वायर लावली, आवाज चढवला आणि वाट पाहिली. “कुठे मारतेय? गुणाची दिसते की.”

“मारते कधी कधी.”

त्याने पिकअपवर नखाने टकटक केली. स्पीकरमध्ये टकटक झाली. मग वाकून तो म्हणाला, “हॅलो, हॅलो.” स्पीकरही म्हणाला, हॅलो, हॅलो. तो मनापासून हसला. “अहो साहेब, हा तर टेलिफोन आहे! हिच्यापुढे घरातल्या गोष्टी बोलू नका बरं का!”

छोट्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागला. त्याच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. त्या बिचाऱ्या दुरुस्तीवाल्याला काय माहीत होते? पण आम्हा दोघांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“मला बहिरे पाहिजेत,” छोट्या म्हणाला. “तारांशिवाय काही म्हणजे काही ऐकू न येणारे.”

दुरुस्तीवाल्याने तीन जोड्या काढल्या. पारखायला त्याच्याकडे एक ओबडधोबड फळीची गिटार होती. तिच्या पाठीला दार होते, त्यामुळे तिच्यात पिकअप झटपट बदलता येत. पहिली जोडी दणकट, जाड मेणात बुडवलेली आणि वरून धातूचे झाकण. “हे आपले पैलवान,” तो म्हणाला. “यांच्यापुढे बाँब फोडा, ढिम्म हलणार नाहीत.” छोट्याने वाजवून पाहिले. कोणीतरी दार आपटावे तसा आवाज आला. हळू वाजवले काय आणि जोरात वाजवले काय, सगळे एकसारखे. मला वाटले, तो तोंड वाकडे करील.

“हेच बसवा,” तो म्हणाला.

“बाकीचे दोन ऐकून तर घ्या.”

“नको. हेच.”

मित्रांनो, आयुष्यभर कानाने जगलेला हा माणूस. त्या दिवशी त्याने कानाने निवड केली नाही. पुन्हा कधी उघडे पडायला नको, एवढेच त्याला हवे होते. मला त्याचा राग आला नाही. मलाही तेच हवे होते.

दुरुस्तीवाला स्क्रू काढायचे हत्यार शोधू लागला, इतक्यात दारात ताई उभी राहिली. ड्रमवाल्याने तिला कळवले असावे.

“काय चाललंय?” तिने विचारले.

“पिकअप बदलतोय. ते... शिट्टी मारत होते.”

“शिट्टी,” ताई म्हणाली. “बरं. कुठले घेतोस?”

त्याने पैलवानांकडे बोट दाखवले.

“वाजव.”

तो वाजवू लागला आणि ती गाऊ लागली. तिचा आवाज आता खालचा होता, आणि पैलवानही नेमके त्याच उंचीवर घुमत होते. ताईचे ओठ हलताना दिसत होते, गाणे ऐकू येत नव्हते. ती मध्येच थांबली.

“यात मी कुठे बसायचं?”

छोट्याने मान वर केली. “ताई, तू परत गाणार आहेस?”

“असं कधी म्हटलं मी? दुसरे लाव.”

दुसरी जोडी लखलखीत पण बारीक आवाजाची होती. “कानात डास शिरल्यासारखं वाटतंय,” ताई म्हणाली. दुरुस्तीवाल्याला तीच जोडी फार आवडायची, त्यामुळे तो जरा हिरमुसला.

तिसरीही मेणातली होती, पण तिचा जोर कमी आणि आवाज मवाळ. छोट्याने तारा छेडल्या आणि आवाज खोलीच्या कडेने चालू लागला, मधली जागा मोकळी ठेवून. त्या जागेत ताई गायली. खालचा, थोडा खरखरीत, पण भरलेला आवाज. दुरुस्तीवाल्याच्या दातांतली वायर सोलायची तशीच राहिली.

“ही कुठली पट्टी होती?” ताईने विचारले.

“ती आपली... नेहमीची.”

“छोट्या.”

दुरुस्तीवाला हातातले हत्यार खिशात शोधू लागला.

“तीन पडदे खाली,” छोट्या पुटपुटला.

“मोठ्यांदा बोल.”

“तीन पडदे खाली, ताई. नव्या हॉलमध्ये आल्यापासून.”

ताई स्टुलावर बसली. “सूर गेला त्याचं काही नाही रे. घसा माझाच आहे. मला वाटायचं, काही बिनसलं तर मागे छोट्या आहे, तो सांगेल. शाळेच्या स्टेजवर तुझ्या चड्डीचं बटण तुटलं होतं, आठवतंय? तेव्हा मी तुझ्या कानात येऊन सांगितलं. ड्रमवाल्याला नाही सांगितलं.”

छोट्या हसला नाही. त्याने फळीची गिटार खाली ठेवली. “चुकलं, ताई,” तो म्हणाला.

“हे बसवा,” ताईने तिसऱ्या जोडीकडे बोट दाखवले.

“पण तेही बहिरेच आहेत,” छोट्या म्हणाला. “म्हणजे मी पुन्हा मागे काही बोललो तरी तुला...”

“नाहीच ऐकू येणार. म्हणून जे बोलायचं ते माझ्यापर्यंत येऊन बोलायचं.”

माझ्या पाठीला दार नाही. आतल्या सगळ्या वायरी छातीवरच्या खाचेतूनच बाहेर काढाव्या लागतात. दुरुस्तीवाल्याने एकेका भागाला दोरा बांधला आणि आतडी ओढावीत तसे सगळे बाहेर काढले. मग नवे कान जोडून त्याच दोऱ्यांनी ते परत जागेवर आणले. माझे जुने कान त्याने एका फडक्यात गुंडाळून छोट्याला दिले. छोट्याने त्यांच्याकडे न पाहता ते खिशात टाकले. मीही पाहिले नाही. त्यांनी खोटे काहीच सांगितले नव्हते, तरी मला त्यांच्याकडे पाहवेना.

पुढच्या खेपेला ताई आली. सगळ्यांना ती संध्याकाळ आठवत होती आणि सगळे ती न आठवल्याचे दाखवत होते. छोट्या नेहमीसारखा ड्रमवाल्याजवळ उभा राहिला. पहिले गाणे सुरू होण्याआधी त्याची हनुवटी सवयीने माझ्याकडे झुकली. मी आतून आक्रसले. पण तो थांबला, सरळ झाला आणि मला गळ्यात घेऊन ताईकडे चालू लागला.

तो तिच्यापर्यंत पोचायच्या आतच वायर ताणली गेली आणि माझ्यातून सुटली. मोठ्या स्पीकरमधून ‘ठप्प’ असा आवाज झाला. लोक दचकले, मग हसले. त्या हॉलमध्ये तो इतकी वर्षे तिच्याजवळ कधी गेलाच नव्हता, त्यामुळे वायर अपुरी आहे हे कोणालाच माहीत नव्हते.

छोट्या तसाच पुढे गेला. “ताई, आज चार पडदे खाली घेऊ का? सकाळपासून तुझा घसा बसलाय.” हे पुढच्या टेबलांना माझ्या मदतीवाचून ऐकू गेले.

ताईने त्याच्याकडे पाहिले. “तीनच घे,” ती म्हणाली. “आणि आधी वायर लाव.”

मित्रांनो, माझ्यासारख्या वाद्यांची धूळ पुसा, गंजल्या तारा वेळेवर बदला, आम्हाला उन्हात टाकू नका. हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. माझे मागणे त्याहून थोडे वेगळे आहे. उद्या तुम्ही कोणाच्या मागे उभे राहून वाजवू लागलात तर लांब वायर घ्या. गाणाऱ्यापर्यंत चालत जाता येईल एवढी लांब. छोट्याने ती अजून घेतलेली नाही. तो ताईकडे जातो, वायर सुटते, ठप्प होते, लोक हसतात, आणि मी भर हॉलमध्ये लाजून त्याच्या गळ्यात लटकत राहते, दोघांचे बोलणे संपेपर्यंत.