वेताच्या खुर्चीशेजारचा झोपाळा

मित्रांनो, मी तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात टांगलेला जुना सागवानी झोपाळा आहे. कुरवंड्याच्या दत्तोबा सुताराने मला घडवलं. रंधा मारून झाला की तो फळीवर तळहात फिरवायचा, कुठे लाकडाची कूस टोचते का ते बघायला.

माझ्यावर खरा हक्क पद्मजाबाईंचा. शाळेतून आल्या की त्या आधी माझ्यावर बसत. त्यांचे यजमान गोपाळकृष्ण तिथेच चहा आणून देत. वह्या तपासणं, भाजी निवडणं, बहिणीशी फोनवर बोलणं, सगळं माझ्यावर. येणारेजाणारे माझं कौतुक करत, आणि मला ते आवडे.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी दोरीवरचे कपडे काढायला त्यांनी मान वर केली आणि त्यांच्याभोवती सगळं गरगर फिरलं. त्यांनी माझी कडी धरली. मी पडलो झोपाळा, मीही हललो. त्या कोपरावर आपटल्या. स्वयंपाकाच्या नंदाबाई धावत आल्या.

"बाई, ह्या झोपाळ्यानंच झालंय," त्या म्हणाल्या. "लय झोके घेता तुमी. बांधून टाका त्याला."

संध्याकाळी मला वर ओढून छताच्या हुकाला बांधलं आणि माझ्या जागी वेताची आरामखुर्ची आली.

त्या खुर्चीचा मी किती हेवा केला, काय सांगू! बाईंची शाल तिच्या हातावर, बाईंचा चष्मा तिच्या कुशीत. नंदाबाई रोज तिला पुसत आणि माझ्यावर कोळी जाळं विणत. आडवं झालं की गरगरतं म्हणून बाई रात्रीसुद्धा तिच्यावरच बसून झोपू लागल्या.

दवाखान्यातून आल्यावर नवराबायको खाली बोलत, ते मला ऐकू येई. रक्तदाब ठीक निघाला, साखर ठीक, पुण्याला केलेली हृदयाची तपासणीही ठीक. एका डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. बाईंची भीती मात्र वाढतच गेली. छाती धडधडे, हात गार पडत. बाजारात जाणं सुटलं, मग शाळेतूनही रजा घेतली. नातेवाईक म्हणू लागले, हे सगळं मनाचं आहे.

शेवटी त्या मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्या दिवशी परत आल्यावर त्या पहिल्यांदाच सावकाश, नीट बोलल्या.

"अहो, त्यांनी मला विचारलं, आधी काय आलं, चक्कर की भीती? मी म्हटलं, चक्कर. तेव्हा ते म्हणाले, तुमची भीती खरी आहे, पण ती चक्करेच्या मागून आली आहे. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची मान एका बाजूला वळवून त्यांना झटकन आडवं केलं आणि डोळ्यांकडे निरखून पाहिलं. दोष कानात सापडला. आत तोल सांभाळणारे बारीक कण जागा सोडून भरकटले होते. ठरावीक पद्धतीने मान वळवत त्यांनी ते जागेवर आणले. पुन्हा एकदा जावं लागलं, पण गरगरणं थांबलं.

भीती लगेच गेली नाही. तिच्यासाठी बाई मनाच्या डॉक्टरांकडे जात राहिल्या. हलणंच टाळलं तर भीती अंगात मुरेल, असं दोन्ही डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून एका दुपारी त्यांनी मला सोडवायला लावलं. गोपाळकृष्ण कडी धरून उभे राहिले.

"तुम्ही बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "मला बसू द्या."

त्या बसल्या. बराच वेळ पाय जमिनीवरच होते. माझी कडीसुद्धा कुरकुरली नाही. मग त्यांनी अंगठ्याने हलकेच रेटा दिला. डोळे मिटले, उघडले, आणि दुसरा रेटा दिला.

मला वाटलं, आता खुर्ची जाईल. गोपाळकृष्णांनी तसं विचारलंही.

"राहू द्या तिला," बाई म्हणाल्या. "वाईट दिवसांत तिनेच मला धरून ठेवलं."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

मित्रांनो, घरात कुणाला चक्कर आली, कुणी घाबरलं, तर 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नका. योग्य डॉक्टर सापडेपर्यंत सोबत चला. आणि झोपाळा असेल तर त्याच्या कड्यांना अधूनमधून तेल घाला. खुर्ची रोज नाही पुसली तरी चालेल.