पुंजारामानं मले गप्प बसवलं

पुंजाराम मिस्त्रीले रीतभात म्हणून नाही. बाळापूरहून आला, राम राम नाही की पाण्याचा घोट नाही, सरळ विहिरीवर जाऊन बंद पडलेल्या पाण्याच्या इंजनापाशी बसला. मी आपली सांगून राहिली होती, की बाबा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे अर्धा घंटा चाललं, चार ढेकर दिले अन् जे बसलं ते बसलंच. तर हा मान वर न करता म्हणतो, "मायबाई, जरा गप्प बसा. मले आयकू द्या."

माझ्याच मळ्यात! आमच्या यांची चाळीस वर्षांत असं बोलायची छाती झाली नाही.

पण गरज माझी होती. झेंडूनं कळ्या धरल्या होत्या, दिवाळी दहा दिवसांवर, अन् पाण्याविना झाडांनी माना टाकल्या होत्या. पोरगा उत्तम म्हणे, "माय, हे भंगारात देऊ अन् मोट जुंपू." लढाईच्या आदल्या साली यांनी धामणगावच्या कापसाच्या जिनातून आणलेलं इंजन, अन् हा भंगार म्हणतो! अकोल्याचे दोन मिस्त्री येऊन, त्याचं पोट फाडून, पुन्हा शिवून गेले होते. दिवसभर हातोडे वाजले, इंजन काही वाजलं नाही.

पुंजारामानं पोटाले हात लावला नाही. हँडल दोनदा फिरवलं, कान लावला. मग तेलाच्या नळीचं नट ढिलं केलं. टाकी वाजवून पाहिली तर काठोकाठ भरलेली, अन् नळीतून तेल थेंब थेंब. जरा वेळानं तेही बंद. तो नळीकडं पाहत बसला. कानावरची विडीसुद्धा पेटवली नाही. मग उठला अन् टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली, अन् खाली तेलाची धार लागली.

झाकण त्यानं उन्हात धरलं. हवा आत जायला त्याले मधोमध तिळाएवढं भोक असते. त्या भोकावर तेलात कालवलेल्या शेंदराचा थर, वाळून टणक झालेला. दर खंडेनवमीले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी इंजनाले एक बोट शेंदूर लावते. यंदा ते म्हातारं झालं म्हणून तीन बोटं लावली, तीही अगदी वर, मानाच्या जागी. देवाच्या नावानं मीच त्याचं नाक बुजवलं होतं.

पुंजारामानं शेंदराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोघी सुना बांधावर उभ्या होत्या. त्यानं बाभळीचा एक काटा तोडला, भोक मोकळं केलं अन् झाकण धोतराले पुसलं.

"काय झालतं गा?" उत्तमनं विचारलं.

"काई नाई. माती बसली होती."

नळीतली हवा काढून त्यानं हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याले इंजनानं काळा धूर ओकला अन् धडधडायला लागलं. पाणी झेंडूच्या दांडात पडलं. तरी हा हलला नाही, पुन्हा बंद पडते का पाहत घंटाभर उन्हात उभा. मग हात धुतले अन् आता कुठं म्हणाला, "राम राम, मायबाई."

राखलेली लाज मले पचत नाही. सुनांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "पुंजाराम, माती नव्हती, माहा शेंदूर होता, अन् थे तुले माईत होतं. मले गप्प बसवणारा या घरात अजून जन्मला नाई. तू बसवलं, अन् बरं केलं. हात धुतलेच हायेत तं जेवून जाय. अन् पुढच्या खंडेनवमीले ये. इंजनाची पूजा तूच कर."